उवा काढणारी आई : ‘यात कला कुठंय?’

गवाक्ष : काल एकानं सतराव्या शतकातल्या डच चित्रकार पीटर द होखचं ते उवा काढणाऱ्या आईचं चित्र टाकलं आणि खाली ठोकून दिलं, ‘यात कला कुठंय, हे तर घरोघरी चालतं.’ डोकंच फिरलं माझं. अहो, १६५८-६० च्या आसपासचं चित्र, ना राजा ना देव, आईच्या मांडीत पोराचं डोकं, बस्स. पण मागच्या खोलीतलं ऊन बघा की, फरशीवरनं सरकत त्या पाठमोऱ्या कुत्र्यापर्यंत कसं येतंय! बिछाना गरम करायचं तांब्याचं भांडं टांगलंय तेही चमकतंय. मोबाइलवर अंगठ्यानं ढकललं की दिसणार काय?

खडूस_काका : ऊन छान. पण हे प्रवचन आहे, बाकी काही नाही. त्या काळी तिकडं फणी म्हणजे मनाची सफाई, रूमर फिसर या डच कवीच्या १६१४ च्या बोधचित्रांच्या पुस्तकात फणीवर बोधवचनच आहे. चित्राचं सांगणं एवढंच, ‘बायांनो, कर्तव्य करा.’ आणि बाप कुठंय?

मेधा_ताई : काका, तुम्ही कधी कुणाच्या उवा काढल्यात का? लेक शाळेतनं घेऊन आली, वर वहीत शेरा, ‘केस स्वच्छ ठेवावेत.’ जसं काही मीच पाळल्यात! रात्री अकरापर्यंत दिव्याखाली लिखा ओढत बसले आणि आमचे हे लांबूनच, ‘काही आणू का?’

भटक्या : औषधी शाम्पू लावायचा की.

मेधा_ताई : लिखा उरतात हो त्यानं, आठवड्यानं परत तेच. केस ओले करून बारीक फणीच पाहिजे.

जुनं_सोनं : आमच्याकडं रॉकेल चोळायचे. एका दिवसात साफ.

मेधा_ताई : पोर पेटवायचंय का?? असले सल्ले देऊ नका इथं.

जुनं_सोनं : आम्ही नाही पेटलो. हल्लीच्या आयांना सगळ्याचीच भीती.

गवाक्ष : चित्र!! चित्रावर बोला कुणीतरी. कोपऱ्यात पोराची शी करायची खुर्ची पण काढलीय त्यानं, आता कृपा करून त्यावर घसरू नका.

खडूस_काका : खुर्ची बघितली झूम करून. नुसतं प्रवचन द्यायचं असतं तर ही समोर मांडली नसती, एवढं मान्य. तुम्हाला हवं तर पेढे वाटा. बापाचं काय पण?

मेधा_ताई : होखचं लग्न १६५४ चं, घरात स्वतःचीच लहान पोरं. बाप चित्र काढत बसला असणार, मदत कोण करतंय!

भटक्या : ताई, ती बारीक फणी लाकडी की स्टीलची?