तिसऱ्या मजल्यावरील मांजरांच्या ताटलीविषयी

[सोमवार, सकाळी ६.१२] ए-३०४, काका: सर्व सभासदांना नमस्कार. आज श्रावणी सोमवार आहे आणि पहाटे ४.४० वाजता आमच्या दारासमोर मांजराने ओरडायला जी सुरुवात केली ती साडेपाचपर्यंत थांबली नाही. दार उघडून पाहिले तर नेहमीच्या कोपऱ्यात सुकटीची ताटली होती आणि मुंग्यांची रांग आमच्या उंबरठ्यापर्यंत आली होती. माझ्या ८४ वर्षांच्या आईचा उपवास असतो आणि पूजेला बसताना तिला हा वास सोसावा लागतो. गेल्या गणपतीच्या आधी मला आठ दिवसांत व्यवस्था करण्याचे आश्वासन मिळाले होते, त्याला आता वर्ष होत आले.

[६.३१] ए-४०१: ताटली दाराच्या आत ठेवावी, एवढेच माझे म्हणणे आहे. मी गेल्या वर्षीही हेच लिहिले होते.

[७.०५] ए-३०३, ताई: काका, आजींना त्रास झाला याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. खरी अडचण मोकळेपणाने सांगते. श्रावणात आमच्या सासूबाई घरात मासळी आणू देत नाहीत, म्हणून महिनाभर मांजरांची ताटली जिन्यात जाते. इतर महिन्यांत ती आमच्या ओट्याखालीच असते. मी दूध-पोळी, दहीभात, उकडलेला भोपळा असे सगळे करून पाहिले, पण आमची मांजर मनी ताटलीजवळ येते, हुंगते, माती ओढल्यासारखी फरशी खरवडते आणि निघून जाते. आमचा बोका, बोक्या, तर शिळ्या मासळीकडे पाहतही नाही.

[७.१८] ए-३०४, काका: ताई, आपल्या घरातील श्रावण पाळण्यासाठी मासळी आमच्या दारात ठेवणे कोणत्या न्यायात बसते, हे कृपया सांगावे. श्रावण आमच्याही घरी आहे.

[७.२२] बी-२०१, वहिनी: काकांचे म्हणणे अगदी योग्य आहे. मात्र पहाटे ओरडणारी मनी नसून पार्किंगमधील करडी मांजर असावी, असे मला वाटते.

[७.२४] ए-३०४, काका: वहिनी, करड्या मांजरीच्या कानाचे टोक कापलेले आहे, कारण तिची नसबंदी झाली आहे. मी दार उघडून पाहिले आहे. मनीच होती.

[७.४०] ए-१०२, आजोबा: आमच्या गावच्या घरी मांजरे दूधभातावर पंधरा-पंधरा वर्षे जगली. आताच्या मांजरांना आपण लाडावून ठेवले आहे. दोन दिवस काही देऊ नका, तिसऱ्या दिवशी भात मुकाट्याने खाईल.

[७.५८] सी-२०२: आजोबा, मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून नम्रपणे पण आग्रहाने लिहिते की कृपया असे कोणीही करू नये. मांजर, विशेषतः वजनदार मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर शरीरातील चरबी यकृतात साठू लागते, आणि त्यातून त्याचा जीवही जाऊ शकतो. कुत्र्याला एक दिवस उपास घडला तर सहसा बिघडत नाही, मांजराचे तसे नाही. गावाकडची मांजरे दूधभातावर जगली असे आपल्याला दिसते, पण ती दिवसभर कणगीपाशी आणि गोठ्यात उंदीर धरत होती, आणि त्यांचे खरे पोषण तेच होते. मांजराला टॉरिन नावाचा घटक अन्नातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. तो फार दिवस मिळाला नाही तर डोळे आणि हृदय दोन्ही निकामी होतात. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूधही नीट पचत नाही.

[८.०३] ए-१०२, आजोबा: आमच्या मांजरांचे डोळे उत्तम होते. तरीही तू शिकलेली आहेस, तुझे ऐकतो.

[८.१०] ए-४०१: ताटली दाराच्या आत ठेवावी.

[८.१५] बी-२०१, वहिनी: पण नखरे तर आहेतच ना? आमच्या बहिणीच्या मांजरीला कालपर्यंत आवडणारा डबा आज अचानक नकोसा होतो. शिवाय गोड काही दिले तर तोंडही लावत नाही.

[८.३३] सी-२०२: वहिनी, गोड चव मांजराला कळतच नाही, कारण ती ओळखणारे जनुक मांजरांमध्ये निकामी झालेले आहे. म्हणून ते पेढ्याचा वास घेते आणि पुढे जाते. मांजर जिभेपेक्षा नाकाने जास्त जेवते. फ्रिजमधून काढलेल्या मासळीला वास कमी येतो, म्हणून तिला ते अन्न वाटत नाही. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केली, म्हणजे ताज्या शिकारीच्या अंगाइतकी ऊब आली, तर बहुतेक वेळा तीच मासळी ती खाते. एका वेळी थोडे खाऊन उठणे हीसुद्धा तक्रार नसते. दिवसात अनेक लहान उंदीर धरून खाणाऱ्या प्राण्याचे शरीर दहा-बारा छोट्या जेवणांसाठी बनलेले आहे. आपण एकदाच भरलेली ताटली ठेवतो, ती अर्धी उरते आणि उरलेल्यावर मुंग्या येतात.

[८.४१] ए-३०३, ताई: हे अगदी असेच होते. सकाळी पाऊण वाटी सुकट ठेवते, मनी चार घास खाऊन उठते, आणि बाकीचे मी दुपारी कार्यालयातून येईपर्यंत तसेच राहते. यात चूक माझी आहे.

[८.५०] ए-४०१: मुंग्यांसाठी मी शनिवारी ताटलीभोवती फिनेल टाकले होते आणि कोपऱ्यात डांबराच्या गोळ्याही ठेवल्या होत्या. ताटली आत असती तर हे करावेच लागले नसते.

[८.५२] ए-३०३, ताई: आपण फिनेल टाकले आणि मला सांगितले नाही? शनिवारी संध्याकाळपासून बोक्या लाळ गाळत होता. मी रात्रभर जागी होते.

[८.५३] ए-४०१: मी सोसायटीच्या स्वच्छतेसाठी केले. मेंटेनन्स मीही भरतो.

[८.५९] सी-२०२: कृपया दोघांनीही थांबावे, हे महत्त्वाचे आहे. फिनेलसारखी फिनॉलची द्रव्ये मांजराचे यकृत नीट बाहेर टाकू शकत नाही. पंजाला लागलेले ते चाटते आणि विष पोटात जाते. डांबराच्या गोळ्याही विषारीच आहेत. ताई, बोक्याला आजच डॉक्टरांकडे न्या आणि काय सांडले होते ते त्यांना सांगा. बोका असल्याने तो लघवी करतो आहे का, हेही पाहा; वारंवार बसून थेंबही येत नसेल तर एक तासही थांबू नका.

[९.२०] ए-३०४, काका: मला मांजरांचा त्रास होतो हे खरे, परंतु विष टाकावे असे मी कधीही म्हटलेले नाही. गोळ्या मी आताच उचलल्या आणि सफाईच्या मावशींना कोपरा साबणाने दोनदा धुवायला सांगितला आहे. ताई, वाहन हवे असेल तर माझा मुलगा घरी आहे.

[९.४५] सचिव: काही सभासदांनी मला व्यक्तिगत संदेश पाठवून २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा उल्लेख केला आहे. त्या नियमांनुसार आवारातील भटक्या प्राण्यांना खाऊ घालण्याची जागा सोसायटीने ठरवून द्यायची असते, आणि आपण पार्किंगमागची जागा ती म्हणून ठरवलेली आहे. मनी आणि बोक्या हे पाळीव आहेत, म्हणून त्यांची व्यवस्था ताईंनीच आपल्या घरात करावी. फिनेल टाकण्याविषयी मी स्वतंत्रपणे बोलेन.

[दुपारी १.१५] ए-३०३, ताई: बोक्या ठीक आहे, काकांच्या मुलामुळे वेळेत पोहोचलो. तोंड आणि पंजे धुऊन औषध दिले आहे, लघवी व्यवस्थित होते आहे. सासूबाईंशीही बोलले. स्वयंपाकघरात मासळी नको हे त्यांचे म्हणणे कायम आहे, पण घरातल्या धुण्याच्या गच्चीत वेगळी ताटली ठेवायला त्यांनी होकार दिला. दुधाच्या पातेल्याखाली पाण्याची परात ठेवतो तशी ताटलीखाली ठेवणार आहे, म्हणजे मुंग्या येणार नाहीत.

[१.३२] सी-२०२: उत्तम. तीन गोष्टी आणखी पाहाव्यात. नुसती सुकट हे पुरे अन्न नाही, शिवाय ती खारवलेली असू शकते, म्हणून मांजरांसाठी तयार मिळणारे संपूर्ण खाद्य आठ-दहा दिवसांत थोडे-थोडे मिसळत वाढवावे. एकदम बदलले तर मनी ते सोडून देईल. पाण्याचे भांडे जेवणापासून लांब ठेवावे. आणि पहाटे ओरडल्यावर लगेच खायला दिले तर ओरडले की मिळते, हे ती पक्के शिकते. त्याऐवजी रात्री ११ वाजता शेवटचा घास द्यावा आणि पहाटे दार उघडू नये.

[१.३५] ए-४०१: म्हणजे ताटली दाराच्या आत. धन्यवाद.

[रात्री ११.२०] ए-३०४, काका: ताई, ताटली आत गेली याबद्दल आभार. मात्र मनी आत्ताही त्याच रिकाम्या कोपऱ्यात बसलेली आहे आणि फरशी हुंगते आहे.

[११.२६] ए-३०३, ताई: गच्चीतली ताटली तिने पाहिली आणि बाहेर आली, काका. जागा बदललेली तिला चालत नाही. उद्यापासून उंबरठ्याच्या आत ठेवून रोज दोन हात गच्चीकडे सरकवत नेते. पुढच्या सोमवारपर्यंत वेळ द्यावा, ही विनंती.

[११.२९] ए-३०४, काका: पुढचा सोमवार. मी दिनदर्शिकेवर लिहून ठेवले आहे. आता दार उघडा आणि तिला आत घ्या, फरशी गार आहे.