हात गुलाबी झाले तरी आरोपी सुटतो कसा?

प्रश्न: लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात सापडलेले बडे अधिकारीसुद्धा कोर्टात सुटतात. पुरावा नेमका कुठे कमी पडतो?

उत्तर १: गुलाबी रंग एवढंच सांगतो की सापळ्याच्या नोटांवर आधी लावून ठेवलेली फिनॉल्फ्थॅलीन पावडर बोटांना लागली होती, म्हणून हात बुडवल्यावर सोडियम कार्बोनेटचं पाणी रंगलं. पैसे कशाचे, ते रंग सांगत नाही. ‘उसने परत आले’ हा बचाव तिथूनच शिरतो. खटल्याचा कणा म्हणजे सापळ्याआधी केलेली लाचेच्या मागणीची पडताळणी. पंचासमोर, रेकॉर्डरवर, काम आणि रक्कम दोन्ही स्पष्ट ऐकू यायला हवीत. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र राहिलं, तर ते रेकॉर्डिंगही कोर्टात टिकत नाही.

उत्तर २: तक्रारदार फितूर झाला म्हणून खटला बुडतोच असं नाही. नीरज दत्ता प्रकरणात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने लाचेची मागणी परिस्थितिजन्य पुराव्यानेही सिद्ध होऊ शकते असं ठरवलं. वरिष्ठांच्या बाबतीत खरं घोडं अडतं ते भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९च्या मंजुरीवर, म्हणजे खटला चालवण्याआधी लागणाऱ्या सरकारी परवानगीवर. आयएएस अधिकाऱ्याला बडतर्फ करण्याचा अधिकार केंद्राचा, त्यामुळे मंजुरीही केंद्राचीच लागते. मुदत ३ महिने, फार तर आणखी १. अधिकार नसलेल्याने सही केली, तर नवी मंजुरी आणून पुन्हा सुरुवात. यात वर्षं जातात आणि साक्षीदार विसरतात, हे फार वाईट आहे.

प्रश्नकर्ता: दडपणाखाली लाच आधीच दिली असेल तर?

उत्तर १: ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा विभागाला कळवा, म्हणजे लाच देणाऱ्याला शिक्षा करणारं त्याच कायद्याचं कलम ८ तुम्हाला लागत नाही. महाराष्ट्रात १०६४ वर फोन लावा.