अनुभव धागा : फिश टँकच्या काचेला घरी भोक पाडलंय का?

गोदाकाठ (पैठण)
भाच्याने काल फोटो पाठवला. चार फुटी टँक घेतलाय, खाली सम्प (टँकमधून आलेलं पाणी साठवून मोटरने परत वर पाठवणारी दुसरी टाकी) करायचाय आणि काचवाला भोक पाडून द्यायला तयार नाही, तडकली तर भरपाई कोण देणार म्हणतो. मामा तू पाडलं होतंस ना, सांग कसं, म्हणे. त्यावरून सगळं आठवलं, म्हणून हा धागा.

भारनियमन जोरात होतं त्या वर्षांतली गोष्ट. काठावर अडकवायचा सायफनचा डबा होता माझ्याकडे. लाईट गेली की डब्यात हवा शिरायची आणि सायफन तुटायचा. लाईट आली की खालची मोटर इमानेइतबारे पाणी वर चढवायची, पण खाली यायला वाटच नाही. मग सगळं शहाबादी फरशीवर. घरी कुणी नसताना लाईट आली तर विचारू नका. काचेलाच भोक असलं की हा प्रकार संपतो. पाणी आपल्या वजनाने खाली येतं, पातळी भोकाच्या खाली गेली की थांबतं, मोटर सुरू झाली की पुन्हा वाहायला लागतं. आपल्याकडे विजेचा भरवसा नाही, त्यामुळे सम्प करायचा तर भोक पाडूनच करावा असं माझं ठाम मत आहे.

पद्धत सांगतो. टँक रिकामा करून गोधडीवर आडवा ठेवायचा, भोकाची काच खाली टेकलेली नको, वर आली पाहिजे. बिट म्हणजे ड्रिल मशीनला लावायची, कडेला हिऱ्याची भुकटी बसवलेली पोकळ नळी असते. त्याला मधे टोक नसतं, म्हणून तो काचेवर घसरतो. प्लायच्या तुकड्याला त्याच मापाचं भोक पाडून तो काचेवर पक्का धरला की बिट जागेवर राहतो. भोकाभोवती कणकेची पाळ करून आत पाणी भरायचं. काच कोरडी कधीच कापायची नाही. मशीन सावकाश आणि दाब फक्त मशीनच्या वजनाचा. १० मिमी काचेला दहा मिनिटं सहज लागतात, लागू द्यावीत. दाबून लवकर करायला गेलं की शेवटच्या मिलिमीटरला काच तडकते.

तुमचे अनुभव लिहा, भाच्याला लिंक देणार आहे.

टाइल्सवाला भाऊ (जालना)
आमचं रोजचं काम आहे हे, बेसिन, ग्रॅनाइट, काच सगळंच. दादांनी बरोबर सांगितलं. माझ्याकडून एवढंच, की मशीनचं हॅमर बंद आहे का ते सुरू करायच्या आधी बघा. टाइल्स-भिंतीचं मशीन आणलं की त्याचं बटण हॅमरवरच असतं, आणि काचेला एक ठोका पुरतो. दुसरं, मागच्या बाजूने चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा. त्याने कडेचे टवके उडत नाहीत आणि सुटलेली चकती आत पडून खालची काच फोडत नाही. आरपार जायला आलं की आवाज बदलतो, घरघर बारीक होते. तिथून हात अगदी हलका.

आणि पाणी आणि वीज जवळजवळ आहे हे विसरू नका. बॅटरीचं मशीन मिळालं तर तेच घ्या. वायरचं असेल तर पाणी मशीनकडे उडणार नाही असं बघा, पायात रबरी चप्पल हवीच.

अंबडची ताई
कणकेऐवजी पोरांची खेळायची रंगीत माती चालते का? आमच्याकडं ढीगभर पडलीय

गोदाकाठ
चालते, ताई. उलट कणकेपेक्षा बरी, पाण्याने विरघळत नाही. फक्त काच आधी पुसून कोरडी करा, नाहीतर चिकटत नाही.

परभणीकर
टफन काचेबद्दल कोणीच बोललं नाही अजून!! भाच्याला आधी हे सांगा. आमच्या एका नातेवाइकाने दुकानातून तयार मोठा टँक आणला, कंपनीचा. तळाला भोक पाडायला घेतलं आणि काही सेकंदात पूर्ण तळ खडीसाखरेसारखा खाली. टफन काचेला आतून ताण दिलेला असतो, ती एका जागी कापली की सगळीच फुटते. त्यात भोक पाडताच येत नाही, कोणताही बिट आणा. भोक हवं असेल तर भट्टीत टफन करायच्या आधीच पाडून घ्यावं लागतं. कंपनीच्या टँकचा तळ बऱ्याचदा टफन असतो, बाजूच्या काचा साध्या असतात. आपल्याकडचे काचवाले सिलिकॉन लावून जोडून देतात ते टँक शक्यतो साध्या काचेचे, तरी विचारून घ्यायचं.

घरी ओळखायची युक्ती आहे. लॅपटॉपवर पांढरा स्क्रीन लावून काचेमागे धरा, पुढून पोलराइज्ड गॉगलमधून बघा आणि गॉगल हळूहळू फिरवा. एका कोनात स्क्रीन काळा पडतो. तेव्हा टफन काचेत ठिपके, पट्टे दिसतात. साधी काच नुसती काळी दिसते.

अंबडची ताई
हे भारी आहे. आत्ता मोबाईलवर करून बघितलं, गॉगल मिस्टरांचा. पट्टे दिसले बाई 😟

परभणीकर
बाजूच्या काचेत की तळात?

अंबडची ताई
अहो टँक कुठाय अजून, टीपॉयच्या काचेवर बघितलं

लातूरकर
भोकाबद्दल नंतर लिहितो. भारनियमन वाचून दुसरंच आठवलं. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर कधी येईल ते कोणालाच माहीत नसायचं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, जलदूत, ५ लाख लिटर. माझा टँक तेव्हा चार बाय दीड बाय दीडचा, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे लिटर पाणी. शेजारी घागरी घेऊन रांगेत उभे आणि माझ्या हॉलमध्ये एवढं पाणी माशांना, ते बघवेना. आई म्हणाली दे कोणाला तरी. सगळे मासे पुण्याच्या मित्राला दिले, पाणी झाडांना घातलं. कित्येक वर्षं टँक माळ्यावर होता.

तेरणाकाठ (धाराशिव)
बरं केलं तुम्ही. आम्ही पण तेव्हा अंगणातला हौद कोरडा ठेवला होता. कमळं गेली.

अंबडची ताई
वाचून गलबललं. आईंना नमस्कार सांगा.

लातूरकर
सांगतो ताई. आता परत लावलाय टँक, मागच्या काचेला भोक पाडूनच. आणि सम्पमधलं पाणी बदललं की एक थेंब गटारात जात नाही, सगळं कुंड्यांना. माशांच्या पाण्यावर मोगरा काय फुललाय, फोटो टाकतो संध्याकाळी. भोक कडेला फार जवळ घेऊ नका, एवढंच सांगायचं होतं. भोक ३५ मिमीचं असेल तर काचेच्या कडेपासून निदान तेवढंच अंतर मधे सोडा, जास्त सोडलं तर आणखी बरं.

नांदेडचा बोअरवाला
भोक पाडून झालं की खरी परीक्षा फिटिंगची. भारी इम्पोर्टेड फिटिंग लागत नाही, प्लास्टिकच्या टाकीला लावतो तेच टँक निपल चालतं. एक इंची निपलच्या आट्यांचा बाहेरचा व्यास ३३ मिमीच्या थोडा वर असतो, म्हणून बिट ३५ चा घ्या. पाऊण इंचीला साडेसव्वीस धरा, अर्ध्या इंचीला २१. तरी दुकानात जाताना व्हर्निअर न्या आणि हातात आलेला निपल मोजा, कंपनीगणिक फरक पडतो. आधी निपल, मग बिट.

रबरी वायसर पाण्याच्या बाजूला, कॉलरखाली. नट हाताने आवळून वर थोडासाच पाना. काही जण वरून एम-सील थापतात, कशाला? वायसर नीट बसला असेल तर गरज नाही, आणि बसला नसेल तर एम-सीलने काचेवर कायमचा डाग राहतो.

आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की ओव्हरफ्लोच्या (पाणी खाली जायच्या भोकाच्या) जाळीवर पांढरा थर धरतो आणि पाणी तुंबतं. जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजवतो, साफ होते. इथे बाकीच्यांकडं नळाचं पाणी आहे का बोअरचं?

टाइल्सवाला भाऊ (जालना)
नळाचं, पण रोज येत नाही. साठवून ठेवतो.

परभणीकर
बोअर. आटला की टँकर.

हिमायतबाग
काचेला भोक मी काही पाडलेलं नाही, पण सायफनचा विषय निघाला म्हणून. संभाजीनगरची पाणचक्की बघितली असेलच. डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेलं पाणी तिथे उंचावरून हौदात पडतं, मोटर नाही, वीज नाही. लहानपणी आजोबा हौदातल्या माशांना चुरमुरे टाकायला न्यायचे. मासे पाळायचं वेड तिथूनच लागलं मला. भाच्याला म्हणावं, सम्प लावायच्या आधी एकदा तिथे उभा राहून बघ, पाण्याला उतार दिला की ते किती निमूट काम करतं.

गोदाकाठ
वा! भाचा तिथेच इंजिनिअरिंगला आहे, पाठवतो त्याला.

तेरणाकाठ (धाराशिव)
लाईट जाण्याचा अजून एक भाग राहिला. ओव्हरफ्लोचं पाणी थांबतं हे खरं, पण मोटर बंद झाली की वर चढवणारा पाइपच उलटा सायफन होतो आणि त्याचं तोंड जिथवर बुडालंय तिथवरचं सगळं पाणी खाली ओढतो. चार बाय दीड फुटी टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर. तोंड चार इंच खोल असेल तर ५० लिटरच्या वर खाली येणार, आणि सम्प आधीच भरलेला असेल तर फरशी ओलीच. म्हणून पाइपचं तोंड पाण्याच्या जेमतेम खाली ठेवा आणि पातळीला लागून पाइपला एक बारीक छिद्र पाडा. पाणी खाली गेलं की छिद्रातून हवा शिरते, सायफन तुटतो. ते छिद्र शेवाळाने बुजतं, अधूनमधून काडी घाला. मासे सोडायच्या आधी मुद्दाम मेन स्विच बंद करून बघायचं.

परभणीकर
अगदी. आणि उन्हाळ्याबद्दल. मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो तेव्हा पाण्यात ऑक्सिजनच कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. गोल्डफिश वर येऊन धापा टाकतात. ओव्हरफ्लोने पृष्ठभागावरचं तेलकट पाणी सतत खाली खेचलं जातं, पडताना हवा मिसळते, फरक डोळ्यांना दिसतो. भोक पाडल्याचा मला सगळ्यात मोठा फायदा हा झाला. दुपारी लाईट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप मात्र हाताशी असू द्या.

अंबडची ताई
काच कापल्यावर जो पांढरा गाळ निघतो तो कशात टाकायचा? पोरं लहान आहेत

टाइल्सवाला भाऊ (जालना)
ओला असतानाच कागदाने पुसून पिशवीत बांधा ताई. वाळू देऊ नका, वाळला की उडतो आणि काचेची भुकटी श्वासात जाणं वाईट. गॉगल, मास्क लावा, पोरं दुसऱ्या खोलीत. भोकाची कड बारीक पॉलिशपेपरने पाणी लावून घासा, नाहीतर हात कापतो. जालन्याकडं आलात तर मीच पाडून देईन, पैसे नकोत.

अंबडची ताई
अंबड काय लांब आहे, टँक घेतला की येतेच. हुरड्याचे दिवस असले तर हुरडा आणते 🙏

लातूरकर
हुरडा म्हटलं की सगळे येतील हां

तेरणाकाठ (धाराशिव)
३५ चा बिट इथं हार्डवेअरमध्ये मिळेना, ऑनलाइन मागवू का?

टाइल्सवाला भाऊ (जालना)
थांबा. ग्रॅनाइट बसवणाऱ्याकडं विचारा आधी. बेसिनच्या मिक्सर नळाला ३५ मिमीचंच भोक लागतं, त्याच्या पेटीत असतोच. मात्र फार झिजलेला असेल तर घेऊ नका. कडेवरून नख फिरवा, खरखर लागली पाहिजे.