इंग्रजीतील भविष्यकाळ: 'विल' नेमके कोठे वापरावे?

प्रश्न:
मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. मराठी क्रियापदाच्या शेवटी 'ईल' दिसले की इंग्रजीत 'विल' लिहायचे, हा नियम मुलांच्या मनात इतका पक्का बसलेला असतो की 'व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम' यांसारखी वाक्ये उत्तरपत्रिकांत सतत आढळतात. उलट, 'द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स टुमॉरो' या वाक्यात गाडी उद्या सुटणार असूनही साधा वर्तमानकाळ का, असे तीच मुले विचारतात. 'विल', 'गोइंग टू' आणि वर्तमानकाळाची रूपे यांतील फरक त्यांना कसा समजावून द्यावा?

उत्तर १:
ताई, मराठीत 'जाणे'चे 'जाईल' होते, तसे 'गो' या क्रियापदाचे स्वतंत्र भविष्यरूप इंग्रजीत नाहीच. म्हणूनच अनेक आधुनिक व्याकरणकार इंग्रजीत वर्तमान आणि भूत हे दोनच काळ मानतात. घटना पुढे कधी घडणार यापेक्षा, बोलणारा आज कशाच्या आधारावर बोलत आहे, यावर तेथे रूप ठरते. दारावरची घंटा वाजली आणि त्याच क्षणी कोणी दार उघडायचे ठरवले, तर 'आय विल ओपन द डोअर'. मनात आधीपासून ठरलेले असेल, तर 'आय एम गोइंग टू लर्न स्विमिंग'. दुसऱ्या कोणाशी वेळ ठरलेली असेल, तर 'आय एम मीटिंग द डॉक्टर ॲट फाइव्ह' हे अधिक स्वाभाविक वाटते. रेल्वेचे वेळापत्रक मात्र बोलणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नसते, म्हणून तेथे साधा वर्तमानकाळ येतो. मुलांना हे परके वाटू नये, कारण 'उद्या आम्ही नाशिकला जातोय' आणि 'गाडी उद्या सहाला सुटते' असे आपणही म्हणतोच.

अंदाज व्यक्त करतानाही हाच आधार पाहावा. आभाळ भरून आलेले दिसत असेल, तर 'इट इज गोइंग टू रेन'. केवळ स्वतःचे मत असेल, तर 'आय थिंक इट विल रेन टुमॉरो'. येथे सीमारेषा धूसर आहे आणि पुष्कळदा दोन्ही रूपे चालतात, हेही मुलांना सांगावे.

उत्तर २:
'व्हेन ही विल कम' ही चूक 'जेव्हा तो येईल' या रचनेतून येते. त्याऐवजी मुलांना 'तो आला की मी त्याला सांगेन' हे वाक्य द्यावे. येणे अजून घडायचे आहे, तरी मराठीत 'आला' हे भूतकाळाचे रूप येते, कारण भविष्याचा निर्देश 'सांगेन'ने केलेलाच असतो. इंग्रजीही मुख्य वाक्यात एकदा 'विल' वापरून थांबते: 'आय विल टेल हिम व्हेन ही कम्स'. 'इफ', 'अन्टिल', 'बिफोर', 'ॲज सून ॲज' यांनाही सामान्यतः हेच लागू होते. मात्र 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' हे वाक्य शुद्ध आहे. त्यातील 'व्हेन' वेळेची अट घालत नाही, तर 'कधी' असा प्रश्न विचारतो. हा भेद न सांगता नियम शिकवला, तर मुले बरोबर वाक्यही खोडतात.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. जुन्या व्याकरणांत 'आय' आणि 'वी' यांच्यापुढे 'शॅल' सक्तीचे सांगितले आहे; ते आजही शिकवावे का?

उत्तर ३:
सक्तीने शिकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा नियम जॉन वॉलिस यांनी 1653 मध्ये लॅटिन भाषेत लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात आढळतो आणि पुढे शालेय पुस्तकांनी तो दीर्घकाळ जपला. आजच्या सर्वसाधारण इंग्रजीत 'आय विल' सर्वत्र चालते. 'शॅल आय ओपन द विंडो?' अशी विचारणा आणि कायद्याच्या मसुद्यातील बंधनकारक कलमे, एवढे दोन उपयोग नववीच्या मुलांना पुरेत. त्यापेक्षा 'वी विल हॅव फिनिश्ड द लेसन बाय फ्रायडे' या पूर्ण भविष्यकाळाला अधिक वेळ द्यावा, कारण 'शुक्रवारपर्यंत धडा संपलेला असेल' हा अर्थ साध्या 'विल'ने नीट व्यक्त होत नाही.