आत्या येरवड्यातून सुटतेय. भजन-नामस्मरणाचं वातावरण असलेली राहण्याची जागा सुचवा

कृष्णाकाठ:
माझी आत्या दोन महिन्यांत येरवड्याच्या महिला कारागृहातून सुटेल. अकरा वर्षं झाली. गुन्हा काय होता ते इथे लिहीत नाही, शिक्षा भोगून झाली आहे. वय त्रेपन्न. आतोबा वारले. मुलगा म्हणतो, "आईला भेटायला येईन, पण घरी आणू नका." बाबा आमच्याकडे सांगलीला आणायला तयार आहेत, पण आत्यालाच गावात यायचं नाही. आत असताना ती बरॅकीत भजन सांगायची. गेल्या मुलाखतीला म्हणाली, "जिथं सकाळी टाळ वाजतो अशा ठिकाणी मला ठेव."

पुण्याच्या आसपास अशी सोय कुठे असेल? काहींनी ख्रिस्ती संस्था सुचवल्या, पण बाबांना धर्म बदलायला लावतील अशी भीती वाटते. अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

वसईकर:
मी चार वर्षं आमच्या पॅरिशच्या बायकांबरोबर आठवड्यातून एकदा तुरुंगात जात होते. आमचं काम प्रिझन मिनिस्ट्री इंडियाशी जोडलेलं होतं. केरळात सुरू झालेलं हे कॅथलिक काम आता देशभर चालतं. त्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते एवढंच, की बाई सुटते तेव्हा बाहेर तिला नावानं ओळखणारं कुणीतरी असतं. आम्ही हिंदू-मुसलमान बायकांबरोबरही बसायचो आणि ज्यांना प्रार्थना नको त्यांच्याशी नुसतं बोलायचो. तुमच्या बाबांची भीती मात्र मनात ठेवू नका. संस्थेत जाऊन सरळ विचारा, "प्रार्थनेला बसणं सक्तीचं आहे का?" उत्तर देताना कुणी घुटमळलं तर पुढची जागा बघा.

आणखी एक. सुटकेच्या दिवशी सकाळपासून गेटवर थांबा. कागद पोहोचून बाई बाहेर यायला बऱ्याचदा संध्याकाळ होते. एकदा एक ताई हातात पिशवी घेऊन बाहेर आली आणि तिला रस्ता ओलांडता येईना, इतक्या वर्षांत गाड्यांची सवयच गेली होती. आम्ही दोघी तिचा हात धरून अर्धा तास तिथेच उभ्या राहिलो.

भीमाथडी:
दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, ते जाऊन बघाच. तुरुंगातून सुटलेल्या बाईला तिथे घेतील की नाही ते भेटूनच कळेल. पण तुम्ही विचारताय त्या गोष्टीचं मूळ मला तिथेच दिसतं. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथल्या मठवासी भगिनी त्यांना लंडनजवळच्या फुलमला घेऊन गेल्या. समाजानं 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या बायकांना त्या भगिनी मायेनं सांभाळत होत्या. आपल्याकडे अशा बाईला उंबऱ्याबाहेर काढत, आणि इथे तिला जवळ घेतात हे पाहून रमाबाई हलून गेल्या. पुढे केडगावला त्यांनी अशाच बायकांसाठी कृपासदन उभारलं. संस्था ख्रिस्ती आहे हे बाबांना आधीच सांगा, आडून कळायला नको.

नाव_नको:
मी स्वतः आत होते. तीन वर्षं कच्ची कैद, मग निर्दोष सुटले. सुटल्यावर एका धार्मिक संस्थेत राहिले. जेवण चांगलं, माणसं प्रेमळ. पण माझा मोबाइल ऑफिसात असायचा, आणि कुणी देणगीदार आले की मला उभं करून माझी कहाणी सांगायला लावायचे. एकदा माझी दहा वर्षांची मुलगी समोर बसली होती. त्या दिवशी मी ठरवलं, इथून निघायचं.

देवावरचा विश्वास माझा गेला नाही. आत तोच होता, नाहीतर मी जगले नसते. म्हणून सांगते, जागा बघायला जाल तेव्हा हे विचारा: फोन तिच्याकडे राहील का? मुलगा कधी भेटू शकेल? काम केलं तर पैसे तिच्या खात्यात जातात का? सोडून जायचं म्हटलं तर कुणाची परवानगी लागते? आणि तिची गोष्ट तिच्याशिवाय दुसरं कुणी सांगणार नाही, हे आधी कबूल करून घ्या.

मला खरा आधार मिळाला तो चाळीतल्या भजनी मंडळात. पहिल्या गुरुवारी एका आजींनी मला टाळ दिले आणि जवळ बसवलं. वर्षभर कुणी काही विचारलं नाही. नंतर मीच सांगितलं.

माऊली_पायी:
पंढरपूर-आळंदीच्या मठांत चार दिवस उतरायला मिळतं, पण त्यावर वर्षभराची भिस्त ठेवू नका. मुक्कामाची पक्की जागा आधी शोधा, वारी त्यानंतर. आषाढीला आमच्या दिंडीत बायका खूप असतात, तेव्हा ताईंना जरूर पाठवा. वाटेत कोण कुठून आली ते कुणी विचारत नाही.

सावली:
मी समाजकार्यात आहे, थोडं कागदांचं बोलते. जागा धार्मिक असो वा नसो, हे आधी करा. सुटल्यावर आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलून घ्या, ओटीपीशिवाय काहीच हलत नाही. मग बँक खातं, मग रेशनकार्ड. आत केलेल्या कामाच्या मजुरीचा हिशेब सुटण्याआधीच मागून ठेवा. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांना भेटा आणि 'शक्ती सदन' या बायकांसाठीच्या सरकारी निवारागृहाची चौकशी करा. जुनी स्वाधारगृहं २०२२ पासून त्यातच आली. कुटुंबाचा आधार नसलेल्या, तुरुंगातून सुटलेल्या बायकांसाठीही स्वाधारची सोय होती. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून बंद्यांसोबत काम करतो. तो धार्मिक नाही, पण पुढे कुणाकडे जायचं ते नीट सांगतात. वकील हवा असेल तर १५१०० वर विधी सेवेला फोन करा. बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

इगतपुरीकर:
विपश्यना सुचवतो. दहा दिवसांच्या शिबिराचे पैसे घेत नाहीत. तिहारमध्ये १९९४ साली एक हजारांवर बंद्यांनी एकत्र केलं होतं.

नाव_नको:
दादा, मीही केलंय, माझा आक्षेप नाही. पण सुटून आल्या आल्या नको. दहा दिवस न बोलता, आवाराबाहेर न जाता राहायचं, ते मला पहिल्या महिन्यात झेपलं नसतं. सहा महिने जाऊ देत, त्यांना स्वतःला वाटलं तर जातील.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा बाबांना वाचून दाखवला. फुलमचं ऐकून बाबा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "रविवारी केडगावला जाऊ. आधी बघू, मग बोलू." शक्ती सदनसाठी सोमवारी पुण्याच्या कार्यालयात जाणार आहे.

काल मुलाखतीला तुमचे प्रश्न आत्याला वाचून दाखवले. तिनं एक वाढवला: "खोलीला आतून कडी आहे का, ते बघून ये."

येरवडा, विश्रांतवाडी, धानोरी भागात संध्याकाळी बसणारं बायकांचं भजनी मंडळ कुणाला माहीत असेल तर कळवा. सोबत राहायला एखादी साधी खोली मिळाली तर मी पहिले तीन महिने तिच्याजवळ राहीन.