कुकी-संमती प्रकारानुसार मागायची आहे, काय वापरावं?

अक्षरवेल
मंडळी, कुकीजबद्दल, म्हणजे साइट वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींबद्दल, सल्ला हवा आहे. दीर्घ लेख आणि ध्वनिमुद्रित कथनं यांचं एक छोटं संकेतस्थळ मी सांभाळते. साइट स्टॅटिक आहे, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली पानं, वर्डप्रेस नाही. बरेच वाचक युरोपातले आहेत, तेव्हा जीडीपीआर (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा युरोपीय कायदा) लागू आहे असं धरून चालले आहे.

सध्या पानाखाली एक पट्टी येते: ‘आम्ही कुकीज वापरतो. ठीक आहे.’ बस. बटण दाबा नाहीतर दाबू नका, सगळ्या स्क्रिप्ट (पानावर आपोआप चालणारे कोडचे तुकडे) तोवर चालू झालेल्या असतात. हे मला पटत नाही. वाचकाला प्रत्येक गोष्टीचं वेगळं ठरवता आलं पाहिजे. लॉगिनची कुकी आवश्यक, ती राहील. अक्षरांचा आकार आणि कथन कुठे थांबलं ते लक्षात ठेवणं हा एक भाग, वाचकसंख्येची मोजणी हा दुसरा, यूट्यूबचे व्हिडिओ हा तिसरा. जाहिराती नाहीत.

अटी: मासिक वर्गणी नको, तेवढे पैसे नाहीत. मजकूर मराठीत करता आला पाहिजे. जावास्क्रिप्ट मला लिहिता येतं.

सुतारपक्षी
कुकीबॉट ही संमती सांभाळणारी सेवा घ्या आणि निश्चिंत व्हा. आम्ही तेच वापरतो. दर महिन्याला तो स्वतः साइट पिंजून काढतो आणि सापडलेल्या कुकीज आवश्यक, पसंती, आकडेवारी, विपणन अशा चार गटांत लावतो. यादी आपोआप धोरणाच्या पानावर येते. हाताने ठेवलेली यादी शिळी व्हायला वेळ लागत नाही. वर्गणी आहे, पण डोकेदुखी वाचते.

रानवारा
कुकीबॉटला +१. काम मोठं असेल तर वनट्रस्ट ही तशीच सेवा बघा, आमच्या ऑफिसात तेच आहे. सगळी संकेतस्थळं एका ठिकाणाहून सांभाळता येतात. कोणी केव्हा कशाला होकार दिला याची नोंद राहते, आणि ती दाखवता येणं ही जीडीपीआरच्या कलम ७ प्रमाणे साइटवाल्याची जबाबदारी आहे.

अक्षरवेल
दोघांचे आभार, पण मासिक वर्गणी नको असं वरच लिहिलं आहे.

टिंबटिंब
क्लारो हे संमती मागणारं साधन वापरा. मुक्तस्रोत आहे, आपल्याच सर्व्हरवर राहतं, पैसे लागत नाहीत. सगळा मजकूर कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) असतो, त्यामुळे मराठी घालणं सोपं. माझ्या दोन्ही साइट त्यावरच आहेत आणि मी खूश आहे.

पण साधन कोणतंही घ्या, खरं काम अडवण्याचं आहे. स्क्रिप्ट टॅगचा टाइप ‘टेक्स्ट/प्लेन’ ठेवायचा, म्हणजे ब्राउझर ती चालवत नाही. त्या गटाला होकार मिळाला की मगच टाइप बदलून ती चालवायची. आयफ्रेमचंही (दुसऱ्या साइटचं पान आत दाखवणाऱ्या चौकटीचंही) तसंच, पत्ता ‘एसआरसी’त न ठेवता ‘डेटा-एसआरसी’त ठेवायचा. हे नसेल तर चार खटके (चालू-बंदची बटणं) असलेली देखणी पट्टीसुद्धा वाचकाची फसवणूक आहे.

झुळूक
वर्डप्रेसचं कॉम्प्लियान्झ टाका, फुकट आहे. प्लगइन टाकलं की लगेच चालू.

अक्षरवेल
वर्डप्रेस नाही हो.

धूळपाटी
मुळात मोजणी हवीच कशाला? काढून टाका. मॅटोमो हे मोजणीचं साधन कुकीशिवाय चालवता येतं, प्लॉसिबल तर कुकी ठेवतच नाही. कुकी नाही तर संमती नाही आणि पट्टीही नाही. दर साइटवर येणाऱ्या या पट्ट्यांनी वाचणं नकोसं झालं आहे. मी कुठेही गेलो तरी आधी ‘सर्व नाकारा’ शोधतो, सापडलं नाही तर पान बंद करतो.

तळटीप
धूळपाटी, ‘कुकी नाही तर संमती नाही’ हे अर्धंच खरं आहे. नियम युरोपीय संघाच्या ई-प्रायव्हसी निर्देशाच्या कलम ५(३) मध्ये आहे. मूळ निर्देश २००२ चा, संमतीची अट २००९ च्या दुरुस्तीतली. त्यात कुकी हा निकषच नाही. वाचकाच्या उपकरणावर माहिती साठवणं किंवा तिथली माहिती वाचणं, एवढंच म्हटलं आहे. लोकल स्टोरेजही (ब्राउझरमधली साठवणीची दुसरी जागा) त्यात आलं. फ्रान्सची नियामक संस्था सीएनआयएल निव्वळ स्वतःपुरत्या, निनावी मोजणीला काही अटींवर सूट देते. सगळे देश देत नाहीत.

अक्षरवेल, तुमच्या यादीकडे वळतो. २०१२ मध्ये युरोपातल्या नियामकांच्या संयुक्त गटाने कोणत्या कुकीजना संमती लागत नाही यावर मत दिलं होतं. लॉगिनची सत्रापुरती कुकी त्यात आहे. पण ब्राउझर बंद केल्यावरही टिकणारी लॉगिन कुकी आपोआप सुटत नाही, तिच्यासाठी ‘मला लक्षात ठेवा’ असा चौकोन वाचकाने स्वतः भरायला हवा. अक्षरांचा आकार वाचक स्वतः बटण दाबून बदलतो, म्हणजे ती त्यानेच मागितलेली सोय झाली. तिला वेगळ्या खटक्याची गरज नाही.

सुतारपक्षी
कायदा ठीक आहे, पण एवढे खटके बघतो कोण? लोक ‘सर्व स्वीकारा’ दाबून पुढे जातात. एक मोठं हिरवं बटण, बाकीचं ‘सेटिंग्ज’च्या आत. आमचं तसंच आहे, कुणाची तक्रार नाही.

तळटीप
नेमकं याच मांडणीसाठी सीएनआयएलने ३१ डिसेंबर २०२१ च्या निर्णयांत गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला. होकार एका क्लिकवर आणि नकार अनेक क्लिकवर, हा आक्षेप होता. ‘सर्व नाकारा’ पहिल्याच पडद्यावर, ‘सर्व स्वीकारा’च्या शेजारी आणि तेवढंच ठळक हवं.

खटके आधीपासून चालू ठेवायचे नाहीत. प्लॅनेट४९ या जर्मन कंपनीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला सांगितलं की आधीच खूण केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. कुकी किती काळ राहते आणि त्रयस्थाला ती वाचता येते का, हेही सांगायला हवं असं त्याच निकालात आहे.

धूळपाटी
सुतारपक्षी, तक्रार नाही म्हणजे लोक खूश आहेत असं नाही. ते कंटाळून निघून जातात.

सुतारपक्षी
तुम्ही जाता. सगळे नाही जात.

रानवारा
फॉन्ट कुठून येतात तेही बघा. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने एका साइटवाल्याला वाचकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली, कारण गूगल फॉन्ट थेट गूगलच्या सर्व्हरवरून येत होते आणि वाचकाचा आयपी पत्ता (इंटरनेटवरची त्याच्या जोडणीची ओळख) तिकडे जात होता. कुकीचा संबंधच नव्हता. फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा.

झुळूक
व्हिडिओसाठी यूट्यूब-नोकुकीचा, म्हणजे कुकीशिवाय म्हणवणारा यूट्यूबचाच पत्ता वापरा, मग तो गटच नको.

निवांत
झुळूक, तो पत्ता वापरला तरी ब्राउझरच्या स्टोरेजमध्ये नोंदी होतात. डेव्हलपर टूल उघडून पाहा. आयपी पत्ता तर जातोच. व्हिडिओच्या जागी स्थिर चित्र ठेवा, तेही आपल्या सर्व्हरवरचं, आणि त्यावर ‘हा व्हिडिओ यूट्यूबवरून येईल’ असं लिहून दोन बटणं द्या: ‘फक्त हा दाखवा’ आणि ‘नेहमी दाखवा’. वाचक जिथे व्हिडिओ बघायला थांबतो तिथेच त्याला विचारणं सगळ्यात प्रामाणिक वाटतं. पान उघडताच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला अजून ठाऊक नसतं.

कुणी न लिहिलेल्या दोन-तीन गोष्टी. सफारीत जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी जास्तीत जास्त ७ दिवस टिकते. वाचकाने नकार दिला, पुढच्या पंधरवड्यात परत आला, की पट्टी पुन्हा हजर. ज्याने नाही म्हटलं त्याला पुन्हा पुन्हा विचारणं हा छळच आहे. निवड साठवणारी कुकी जावास्क्रिप्टऐवजी सर्व्हरच्या उत्तरासोबत येणाऱ्या ‘सेट-कुकी’ हेडरमधून द्या. स्टॅटिक साइट असली तरी होस्टिंगवर एखादं छोटं फंक्शन चालवता येतं का बघा. लोकल स्टोरेजचा उपाय करू नका, वाचक तेवढे दिवस फिरकला नाही तर सफारी तेही पुसते. सीएनआयएलच्या शिफारशीनुसार निवड ६ महिने जपावी, होकार असो वा नकार.

होकार मागे घेण्याकडे तर कुणी बघतच नाही. जीडीपीआरच्या कलम ७(३) प्रमाणे तो देण्याइतकंच काढणं सोपं हवं, म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी ‘कुकी-निवड बदला’ असा दुवा हवाच. खटका बंद केल्यावर आधीच्या कुकीज पुसायच्याही असतात. पुसताना डोमेन आणि पाथ ठेवतानासारखेच द्यावे लागतात, नाहीतर कुकी तशीच राहते आणि कोडही काही बोलत नाही. एका जुन्या साइटवर आधीच्या कंत्राटदाराने हे केलं नव्हतं, नकार दिलेल्या लोकांच्या मोजणी-कुकीज तशाच पडून होत्या. यूट्यूबच्या डोमेनवरच्या कुकीज मात्र तुम्हाला पुसता येणार नाहीत. तसं स्पष्ट लिहा.

टिंबटिंब
निवांत यांना अनुमोदन. निवडीसोबत आवृत्ती क्रमांकही साठवा. उद्या नवा गट आला तर जुना होकार त्याला लागू होत नाही, तेवढ्यापुरतं पुन्हा विचारावं लागतं.

रानवारा
एवढं सगळं हाताने करण्यापेक्षा वनट्रस्टच बरं.

धूळपाटी
शेवटचं सांगतो, मोजणी काढा. ती काढायची नसेल तर निदान ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोलचा, म्हणजे ‘माझी माहिती विकू वा वाटू नका’ असं ब्राउझरने साइटला कळवण्याचा संकेत तरी वाचा. फायरफॉक्समध्ये तो चालू करता येतो, ब्रेव्ह ब्राउझरमध्ये आधीपासून असतो. कॅलिफोर्नियात तो पाळणं बंधनकारक आहे.

अक्षरवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते लिहिते.

क्लारो चांगलं दिसलं, पण मला प्रत्येक खटक्याखाली माझ्या शब्दांत एक पूर्ण वाक्य हवं आहे आणि विचारण्याची जागाही मीच ठरवणार आहे, म्हणून कोड स्वतः लिहिते. मोजणी काढणार नाही. कोणती कथनं शेवटपर्यंत ऐकली जातात ते कळलं तर पुढचं ध्वनिमुद्रण ठरवता येतं. होकाराशिवाय मात्र ती चालणार नाही आणि आकडे घटले तर घटू देत. ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोलचा संकेत आला तर मोजणी न विचारताच बंद.

तळटीप, अक्षरांच्या आकाराला कायद्याने खटका लागत नाही हे समजलं. तरीही आकार आणि कथनाची जागा यांचा ठेवते आहे, आधी बंद. एकच संगणक घरातले अनेक जण वापरतात. आपण काय ऐकत होतो ते दुसऱ्याला दिसू नये असं कुणाला वाटू शकतं, आणि ते ठरवणं माझ्या हातात नसावं.

व्हिडिओचं निवांत म्हणतात तसंच. पट्टीवर ‘सर्व नाकारा’, ‘सर्व स्वीकारा’ आणि ‘निवडा’, तिन्ही बटणं एकाच आकाराची, एकाच रंगाची.

सुतारपक्षी
आवश्यक नसलेलाही खटका? लोक बंदच ठेवतील आणि मग ‘कथन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं’ म्हणून तुम्हालाच पत्रं लिहितील. कुकीजच्या यादीचं काय करणार?

अक्षरवेल
कथन अर्ध्यावर सोडलं की प्लेअरच्या खाली ‘ही जागा लक्षात ठेवू का?’ असा दुवा दिसेल, तो दाबला की तेवढाच खटका चालू. यादी कोडच्याच फाइलमध्ये आहे, पट्टी आणि धोरणाचं पान दोन्ही तिथूनच तयार होतात. यादीत नसलेली स्क्रिप्ट चालतच नाही.

निवांत
हे बरं आहे. कीबोर्डवरून टॅब दाबत तिन्ही बटणांपर्यंत पोहोचता येतं का आणि पडदा-वाचक (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) खटक्याची चालू-बंद स्थिती बोलून दाखवतो का, तेवढं तपासा.

झुळूक
कोड झाला की इथे द्या, मला वर्डप्रेसवर लावता येतो का बघतो.