१९६८ची फियाट ११००: नव्याने रंगवून घ्यावी की आहे तशीच जपावी?

कृष्णाकाठ:
नमस्कार. आमच्या सांगलीच्या घरी वडिलांची १९६८ सालची फियाट ११०० डी आहे. ती पहिल्यापासून त्यांच्याच नावावर आहे, मात्र गेली अकरा वर्षे शेडमध्ये उभी आहे. इंजिन हाताने फिरते. २०१९च्या महापुरात पाणी शेडच्या उंबऱ्यापर्यंत आले होते, पण गाडीत शिरले नाही. चालकाच्या बाजूचा पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबला की आत जातो. राखाडी रंग मूळचा आहे. काच खाली करून वडील दारावर जिथे कोपर टेकवत, तिथला रंग झिजून खालचा तांबडा प्रायमर दिसतो. टपावरचा रंग उन्हाने खडूसारखा झाला आहे, हात फिरवला की बोटांना भुकटी लागते. गाडी पूर्ण नवी करून घ्यावी की मूळ रूपात ठेवून फक्त चालती करावी, हा प्रश्न आहे. खर्चाची मर्यादा दीड लाख रुपये आहे.

गिअर_पुणे:
मी माझी १९७१ची फियाट पूर्ण सुटी करून घेतली. पत्रा उघडा केला, इंजिन नव्याने बांधले, बंपरला क्रोम चढवले, आसनांचे रेक्झिन बदलले. सहा लाख चाळीस हजार रुपये आणि चौदा महिने लागले, पण आज ती सिग्नलला थांबली की लोक काच खाली करून चौकशी करतात. दीड लाखात काहीच होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. मर्यादा वाढवा आणि काम एकदाच पूर्ण करा.

अंबरनाथ_पूर्व:
माझा अनुभव अगदी उलट आहे. मी काकांची गाडी एका गॅरेजकडे सोपवली आणि निम्म्याहून अधिक पैसे आगाऊ दिले. सहा महिन्यांचे काम अडीच वर्षे चालले. गाडी परत आली तेव्हा मूळ काचा आणि बॉनेटवरचे चिन्ह गायब होते, आणि दुसऱ्या पावसाळ्यात चाकाच्या कमानीवरचा रंग फुगून आतली पुट्टी ढलप्यांनी निघाली. गंजका पत्रा कापून नवा जोडण्याऐवजी त्यावर पुट्टी थापली होती. रंगाला हात लावू नका. लावणारच असाल तर गाडी देण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र काढा, पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या.

गिअर_पुणे:
गॅरेज वाईट निघाले म्हणून दुरुस्तीच वाईट ठरत नाही. मी दर शनिवारी स्वतः जाऊन उभा राहत असे.

काळीपिवळी_परळ:
माझ्या वडिलांनी तीस वर्षे पद्मिनी टॅक्सी चालवली, त्यामुळे सुट्या भागांविषयी खात्रीने सांगू शकतो. तुमची ११०० डी आणि १९७४नंतरची प्रीमियर पद्मिनी यांचा मूळ साचा एकच आहे आणि दोन्हींचे इंजिन १०८९ सीसीचेच आहे. ब्रेक, क्लच, पाण्याचा पंप यांचे बरेच भाग मुंबईत ऑपेरा हाउसला आणि पुण्यात नाना पेठेत अजून शोधून मिळतात. मात्र पद्मिनीचे उत्पादन २०००च्या सुमारास थांबले आणि ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतून शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली, तेव्हा हा माल आटत जाणार हे उघड आहे. जाळी, दिवे आणि पट्ट्या तुमच्या सालच्या वेगळ्या आहेत, त्या वाकड्या असल्या तरी फेकू नका. आणखी एक गोष्ट तपासा. अनेक जुन्या फियाटमध्ये पुढे पद्मिनीचे इंजिन बसवले गेले आहे, म्हणून इंजिन आणि चासीचे क्रमांक आरसी बुकाशी जुळवून पाहा.

नियम_आणि_कागद:
वरील मुद्दा फार महत्त्वाचा आहे. जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असली पाहिजे. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार चालत नाही. ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळतो आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

अंबरनाथ_पूर्व:
म्हणजे नियमही हेच सांगतो की रंगाला हात लावू नका.

नियम_आणि_कागद:
नाही. त्याच प्रकारचा रंग पुन्हा देणे आणि बॉडीत फेरफार करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कृपया नियमाच्या तोंडी आपले मत घालू नये.

गिअर_पुणे:
शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. इंजिन पूर्ण नव्याने बांधल्याशिवाय ही गाडी चालवूच नये.

नाशिकचा_फिटर:
इथेनॉलसाठी इंजिन उघडावे लागत नाही. त्याचा त्रास जुन्या रबराला आणि टाकीला होतो. इंधनाच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बुरेटरची पॅकिंग बदला, आणि टाकी उतरवून आतून स्वच्छ करून घ्या, कारण इथेनॉल पाणी ओढून घेते आणि उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. इंजिन हाताने फिरते हे चांगलेच लक्षण आहे. चारही प्लग काढून प्रत्येक छिद्रात थोडे ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, पुन्हा हाताने फिरवा आणि मगच स्टार्टर लावा. पण सर्वांत आधी ब्रेक पाहा. या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत आणि सगळ्या चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर, म्हणजे ब्रेकचे ऑइल ढकलणाऱ्या मुख्य पंपावर, चालतात, त्यामुळे एक नळी फुटली तरी पूर्ण ब्रेक जातो. अकरा वर्षे उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातले ब्रेक दाबणारे भाग, हमखास चिकटलेले असतात. पायाखालचा पत्रा गेला आहे तर दाराखालच्या पोकळ पट्ट्याही ठोकून पाहा. पुराचे पाणी आत शिरले नसले तरी महिनाभराची ओल तिथे साचते. आवाज बद्द आला तर आत गंज आहे. रंगाचा विचार त्यानंतर.

मिरज_जंक्शन:
सर्वांशी सहमत. ब्रेक करा, पत्रा करा, रंग ठेवा. कोपराची ती खूण पुन्हा कोणी देऊ शकणार नाही.

गिअर_पुणे:
मी सहमत नाही, याची नोंद असावी.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. क्रमांक जुळले, इंजिन मूळचेच आहे. डाव्या बाजूची पट्टी ठणठणीत वाजते, उजवीचा आवाज बद्द आहे. ब्रेक, टाकी, नळ्या आणि पत्र्याचे काम ओळखीच्या फिटरकडे दिले आहे. ‘व्हीए’ क्रमांक घेणार नाही, कारण वडिलांना दर मंगळवारी गणपती मंदिरात याच गाडीने जायचे आहे.

रंगाबाबत मात्र तुमच्यापैकी बहुतेकांच्या मताविरुद्ध जात आहे. मी स्वतः इथे विचारायला आले तेव्हा त्या झिजेच्या बाजूची होते. परवा वडिलांना शेडमध्ये नेले. ते टपावरची भुकटी बोटाने पुसत राहिले आणि म्हणाले, “दर रविवारी पुसत होतो गं मी. लोकांना वाटेल, हयगय केली.” ज्या खुणेत मला माझे बालपण दिसते, त्यात त्यांना स्वतःची हयगय दिसते, आणि गाडी त्यांची आहे. इंजिन नव्याने बांधणार नाही, आसने आणि बंपरही बदलणार नाही, पण गाडी पूर्ण रंगवून घेणार आहे, कोपराच्या जागेसकट. यामुळे खर्च दीड लाखावर जाईल, तो भाऊ उचलणार आहे.

काळीपिवळी_परळ:
मग रंगाची छटा टपावरून किंवा दारावरून जुळवू नका, तिथला रंग उडालेला आहे. ग्लोव्ह बॉक्सच्या आतली किंवा डिकीच्या झाकणाच्या रबराखालची पट्टी पाहा, तिथे ऊन कधीच लागलेले नसते. ती पुसून रंगवाल्याला दाखवा आणि आधी पत्र्याच्या एका तुकड्यावर नमुना करून उन्हात वडिलांना दाखवा.

कृष्णाकाठ:
आत्ताच डिकीचे रबर उचलून पाहिले. खालचा रंग आम्ही आजवर समजत होतो तसा राखाडी नाही, चांगला निळसर आहे. वडिलांना बोलावते आहे.